बाँग-चीचा डावा हात

तैवानातल्या लुगांगच्या बाजारात कुजबुज अशी होती की, डॉक्टरांनी बाँग-ची आजीची कवटी उघडली आणि आतून अख्ख्या बाजाराची लफडी भडाभडा बाहेर पडली. म्हणे शेवटी डॉक्टरांनाच लाज वाटली आणि त्यांनी औषध टोचून तिला गप्प केलं.

आता लोकांचं तरी काय चुकलं? देवळाच्या दाराशी स्टूल टाकून बाँग-चीने जन्मभर बायकांच्या चेहऱ्यावरची लव दोऱ्याने काढली. दोरा दोन्ही हातांत, एक टोक दातांत. चेहऱ्याला पावडर फासली, डोळे मिटले, की गिऱ्हाइकाचं तोंड सुटायचं. बाँग-चीच्या दातांत दोरा, त्यामुळे तिचं बंद. किती सासवा-सुना तिच्या पोटात मुक्कामाला होत्या, तिलाच ठाऊक.

मग हात थरथरू लागले. दोरा गाल कापू लागला. पंचाहत्तरीत तिने ठरवलं, थरथर थांबवायला मेंदूत विजेच्या तारा घालून घ्यायच्या.

"हात दोन्ही पाहिजेत हं," तिने डॉक्टर कुओंना बजावलं. "एका हाताने नाक शिंकरता येतं, लव काढता येत नाही."

"आजी, भोक पाडताना थोडी गुंगी देऊ, मग उठवू. तार नीट बसली की नाही, ते तुमचा हात आणि तुमची जीभच सांगणार."

उजव्या हाताची तार झकास बसली. नर्स बाहेर आली आणि तिच्या मुलाला, युंग-फाला म्हणाली, "काका, तुमच्या आई काय मस्त बोलतायत!"

युंग-फाचा चेहरा उतरला. तो पेठेच्या प्रमुखपदासाठी उभा होता, आणि सुक्या मासळीवाल्या विधवेकडे त्याची रोजची फेरी आईला माहीत होती.

"भ्यालीये हो ती," तो नर्सच्या पाया पडायचा बाकी राहिला. "रात्रभर रडली. आता गाढ झोपवा तिला, एवढं डॉक्टरांना सांगा."

डॉक्टरांना दया आली. औषध जरा जास्त गेलं. म्हातारं शरीर, ते उतरेना. डावा हात निपचित पडून राहिला. थरथरच दिसेना, तर तार कुठे बसवायची? डोकं शिवून टाकलं.

हे सगळं तिला पुढच्या तपासणीला कळलं. "ऑपरेशननंतर आठवडाभर तुम्ही भ्रमात होता, आजी. या वयात पुन्हा उघडणं मला पटत नाही," कुओ म्हणाले.

तिथून ती थेट युंग-फाच्या प्रचाराच्या मांडवात.

"रात्रभर रडले काय रे मी? तुझा बाप गेला तेव्हासुद्धा बाजार उठल्यावर रडले होते!"

"आई, लोक बघतायत…"

"बघू देत! तुला माझ्या तोंडाची भीती, तर तोंड बांधायचंस. हात कशाला तोडलास, मेल्या?"

मासळीवाली मध्ये पडली. "जाऊ द्या आजी, लेकच आहे तुमचा."

"तू गप! तुझे गाल मी वीस वर्षं हातात धरलेत. एक शब्द बोलले का कुणाला?"

बाँग-चीने मांडवातलं एक स्टूल उचललं, मुलाच्या फोटोवर आपटलं आणि घरी गेली.

त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत तिला डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले होते. ती एक ते वीस मोजत होती. नाव तिने एकाचंही घेतलं नाही.