दांडी अर्ध्यावर राहिली

एफ.वाय.ला असताना मी बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचे. महाडचं कॉलेज सुटलं की एका शूटिंगवाल्या काकांकडे जाऊन कॅसेटवर नवरा-नवरीची नावं लिहायचे. आमच्या डोंगरावरच्या वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही विचारायचं म्हटलं की जीभ अडखळायची. तरी एकदा विचारलंच, "काका, मला मिक्सर शिकवाल?"

त्यांचा व्हिडिओ मिक्सर म्हणजे बटणांच्या दोन ओळी आणि उजवीकडे एक दांडी. कॅमेरे दोन, पण दोन्हींची बटणं दोन्ही ओळींत. एकच बटण दोनदा कशाला, हे मला आठवडाभर कळेना. शेवटी वहीत चित्र काढलं आणि खोलीत बसून त्यावर बोटं फिरवत राहिले. मग उमगलं. दांडी वर असली की वरची ओळ टीव्हीवर दिसते, खाली असली की खालची. दिसत नाही त्या ओळीत पुढचं दृश्य तयार ठेवायचं आणि दांडी सरकवायची.

"तुडीलच्या लग्नात बस मिक्सरवर," काका म्हणाले. "जमलं तर सीझनभर तूच. नाहीतर कॅसेटी आहेतच."

मांडवात मागच्या पाहुण्यांसाठी टीव्ही लावला होता. पहिलं मंगलाष्टक संपत आलं. पाहुण्यांवरून नवरीवर यायचं म्हणून मी दांडी ढकलायला लागले, तोच "सावधान" झालं आणि माझा हात आपोआप अक्षता टाकायला उठला. दांडी राहिली अर्ध्यावर आणि दोन्ही दृश्यं एकमेकांत मिसळली. टीव्हीवर नवरीच्या मुंडावळ्यांमधून एक आजोबा टोपी सावरताना दिसू लागले.

टीव्हीसमोरची एक आजी ओरडली, "आगो पोरी, आमच्या म्हाताऱ्याचं परत लगीन लावतेस काय?"

मागचा मांडव हसला. माझे कान तापले. दांडी पूर्ण सरकवली, तोवर काका आपला कॅमेरा मदतनीसाकडे देऊन आलेच. वाटलं, आता उठवणार. त्यांनी हात पुढे केला.

"आण त्या अक्षता. तुझ्या वाटणीच्या मी टाकतो. तू हात हलवू नकोस."

शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट खाली आला, तेव्हा टीव्हीवर फक्त नवरा-नवरी होते.

वायरी गुंडाळताना काका म्हणाले, "परवा पोलादपूरला लग्न आहे. सातला ये. मिक्सर तूच लाव."

परवा दुपारी माझी तोंडी परीक्षा होती. मी घुटमळले. "काका, साडेबाराला सोडाल?"

"भटजींना सांगून ठेवतो," ते म्हणाले, "जरा भरभर म्हणा."