नाण्यांच्या हाराचा फोटो

परदेशातल्या माणसांना गरीब हा गरीब दिसावाही लागतो, हे मला दोन्या सेबेरांमुळे कळलं. तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही.

आमच्या तळ्याकाठच्या गावात दोन्या सेबेरा चुमिल यांना कोण ओळखत नाही? वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने 'दोन्या' म्हणतो. कमरेला माग बांधून, गुडघ्यांवर बसून चाळीस वर्षं हुइपिल, म्हणजे आमच्या बायकांचे नक्षीदार सदरे, विणत आलेली बाई. जिभेला धार. बाजारात एखादा गोरा भाव पाडायला लागला की त्या हसत म्हणायच्या, "फुकट ने की! आधी दोन महिने माझ्यासारखं गुडघ्यांवर बसून दाखव." आमच्या बोलीत म्हणायच्या, त्यामुळे तोही हसायचा. स्वतःच्या अंगात मात्र जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातला टी-शर्ट. विणलेलं सगळं विकायला जायचं.

सहा बाळंतपणं झाली. शेवटच्या खेपेनंतर अंग बाहेर यायला लागलं. बारा वर्षं त्यांनी हे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. चर्चमध्ये पूर्ण वेळ उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं, काय ही भक्ती! शेवटी गुडघ्यांवर बसणंच जमेना, माग खुंटीला गेला, तेव्हा त्या आमच्या दवाखान्यात आल्या. त्याआधी सरकारी इस्पितळात जाऊन आल्या होत्या. तिथे सर्जन होता, पण टाके घालायला दोरा नव्हता. लाज सरकारला वाटायला हवी होती, ती बाळगली या बाईने.

मी डेल्फिना. दवाखान्यात औषधं देते, अर्ज भरते, फोटो काढते. रोग्याचा फोटो आणि त्याची कहाणी एका परदेशी संस्थेच्या वेबसाइटवर जाते. तिथे अनोळखी माणसं ती बघतात, कळवळली तर पैसे देतात, आणि मग ऑपरेशन होतं. नाही कळवळली तर नाही.

"उद्या फोटो काढायचाय," मी म्हटलं, आणि तिथेच घोळ झाला. आमच्याकडे फोटो काढायचा तो लग्नात, नाहीतर मेल्यावर मेणबत्त्यांमागे ठेवायला. दोन्ही वेळा माणूस नीटनेटका दिसायला हवा. सगळी गल्ली कामाला लागली. शेजारीण फाउस्टिनाने सणाचं हुइपिल दिलं, जे दोन्या सेबेरांनीच तिला विणून दिलं होतं. वर तिच्या आजीचा चांदीच्या नाण्यांचा हार. शाळेतल्या बाईंनी बूट दिले. आणि उभं कुठे केलं? फाउस्टिनाच्या मुलाने अमेरिकेतून पैसे पाठवून बांधलेल्या घराच्या निळ्या दारासमोर. दोन्या सेबेरा इतक्या रुबाबदार दिसत होत्या की मलाही वाटलं, यांना कोण नाही म्हणेल?

सगळेच म्हणाले. तीन आठवडे एक माणूस फिरकला नाही. त्याच दिवशी वेबसाइटवर फोटो गेलेल्या एका अनवाणी, शेंबड्या मुलीचे पैसे मात्र दुपारपर्यंत जमले होते. मग संस्थेच्या बाईंचं पत्र आलं: 'देणगीदारांना या गरजू वाटत नाहीत. घरातला फोटो पाठवाल का? रोजच्या कपड्यांत, चुलीपाशी. शक्यतो अनवाणी.' खाली एक हसरा चेहरा. मला तो पुसून टाकावासा वाटला.

पण ऑपरेशन करणारी डॉक्टर बाहेरून आलेली, ती महिनाअखेरपर्यंतच होती. मी निरोप घेऊन गेले.

"अनवाणी?" दोन्या सेबेरा म्हणाल्या. "आजार काय माझ्या पायांना झालाय?"

"नाही हो, पण त्यांना दिसायला..."

"मग जिथे झालाय तिथलाच पाठव ना! उद्या तोही मागतील."

फाउस्टिना खो खो हसली. दोन्या सेबेरा हसल्या नाहीत.

"हे बघ पोरी, ऑपरेशनच्या टेबलावर मेले तर हाच फोटो मेणबत्त्यांमागे राहणार आहे. नातवंडांपुढे मी भिकारीण म्हणून उभी राहायची नाही. जा."

मी गेले. दोन दिवसांनी त्या तळ्यावर कपडे धूत होत्या. भिजलेला टी-शर्ट, चिखलात अनवाणी पाय, एका हाताने ओटीपोट दाबून धरलेलं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी फोन काढला.

एका दिवसात पैसे जमले. 'बिचारी, किती सोसलंय हिने,' असं खाली कुणीतरी लिहिलं होतं.

ऑपरेशन छान झालं. दोन महिन्यांनी दोन्या सेबेरा स्वतःच्या पायांनी चढण चढून दवाखान्यात आल्या आणि बाकावर चक्क आरामात बसल्या. तेच हुइपिल, तोच हार, तेच बूट. संस्थेला बरं झाल्यावरचाही फोटो लागतो.

"हार पावला गं!" त्या म्हणाल्या. "फाउस्टिना गावभर सांगत सुटलीय. मी म्हटलंच होतं, माणूस नीट उभा राहिला की लोक मान देतात."

मी गप्प बसू शकले असते. पण मला ते सोसवेना. मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

तळ्यावरच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "हिला पैसे आले?"

"हो."

"आणि हारवालीला?"

"एकानेही दिले नाहीत."

त्या वाकल्या. आता त्यांना वाकता येत होतं. बूट काढून त्यांनी भिंतीशी नीट लावून ठेवले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसायलाच हवी होती.

"तुझेही काढ."

"काय?"

"बूट. तुझी आई अनवाणी सरपण वाहायची, ते मी पाहिलंय. ये, शेजारी उभी राहा. मला एकटीलाच काय विकतेस?"

मी बूट काढले. नर्सने फोटो काढला. आम्ही दोघी हसलो नाही.

निघताना त्या दारात थांबल्या. "फाउस्टिनाला सांगू नकोस. तिला त्या हाराचं फार कौतुक आहे."

संस्थेचं उत्तर आलं: 'सुंदर! पण ही दुसरी बाई कोण? रोगी एकटाच हवा.' मी दुसरा फोटो पाठवला नाही.

फाउस्टिना आता त्या गल्लीतल्या प्रत्येक रोग्याच्या गळ्यात तो हार घालून पाठवते. पत्रं येतात, मी ती वाचते, कुणाचे पैसे उशिरा येतात, कुणाचे येतच नाहीत, आणि त्या रात्री मला जेवण जात नाही. तरी हारातला फोटो मी तसाच पाठवते. तळ्याकडे जाताना फोन दवाखान्यातच ठेवते.