मामाचा अर्धा चेहरा

मामाच्या हनुवटीवरचा व्रण तलवारीचा आहे, अशी आमच्या गल्लीत पक्की बातमी आहे. तरुणपणी तो सिनेमात मुखवटेवाल्या हिरोच्या जागी उड्या मारायचा म्हणे. कसलं काय! व्रण एका खटारा गाडीच्या बॉनेटचा आहे. मामा गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारतो, आणि उडी म्हणाल तर झुरळ दिसलं की स्टुलावर मारतो तेवढीच.

सिनेमाचं वेड मात्र शंभर नंबरी. जुना कृष्णधवल सिनेमा. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला हिरो झुंबराला लोंबकळत येतो, शिपायांना लोळवतो आणि जाताना सेनापतीच्या मिशीचं एकच टोक उडवतो. हे सांगताना मामा स्प्रेगन उपसतो, "सेनापती, मिशी सांभाळा!" मी त्याची नक्कल केली की मामी पोट धरून हसते.

मध्यंतरी तो सिनेमा थिएटरला लागला. एकच खेळ, रविवारी दुपारी. मामाने घरभर विचारून पाहिलं. मामीचं डोकं लगेच दुखायला लागलं. आईला नेमकी कपाटं आवरायची होती. मामाचं तोंड एवढंसं झालं.

"मिशी उडाली की वळून बघायला शेजारी कुणीतरी नको का गं?"

"मी नाही हं," मी म्हटलं. "दोन बोटांची पट्टी, आणि त्या हिरोला त्याची सख्खी बायको ओळखत नाही? आंधळी आहे का ती?"

"अर्धा चेहरा झाकला ना ठमे, की माणूस गायब होतो."

"होतो म्हणे!"

"लाव पैज."

मामाच्या नाकातोंडावर दिवसभर मास्क असतो. हात रंगाने बरबटलेले, त्यामुळे सकाळी चढवलेला मास्क घरी येऊन साबण लावल्यावरच उतरतो. समोरच्या रंगाच्या दुकानातही तो रोज तसाच जातो. ठरलं असं की, मामाने तिथे उघड्या तोंडाने जायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. दुकानदाराने ओळखलं, तर माझ्या मैत्रिणींसमोर स्प्रेगन उपसणं कायमचं बंद. नाही ओळखलं, तर मी सिनेमाला जायचं, तेही तोंड मिटून.

शनिवारी सकाळी मी थिनरच्या डब्यांआड दबा धरून उभी. मामा धुतलेला शर्ट घालून आला आणि त्याने काळ्या रंगाकडे बोट दाखवलं.

"या साहेब! गेटला लावायचाय?" झुपकेदार मिशीचा दुकानदार म्हणाला.

मामाने मान हलवून नाही म्हटलं आणि हवेत स्टिअरिंग फिरवलं.

"गाडीला? मग समोरच्या गॅरेजात द्या. तिथल्या पेंटरचा हात सोन्यासारखा आहे. फक्त सिनेमाचा विषय काढू नका, दिवस जाईल तुमचा."

मामाने शांतपणे खिशातून मास्क काढून चढवला.

"अरे देवा! पेंटर, तुम्ही?"

"सेनापती, मिशी सांभाळा!"

डब्यांआड मी कपाळावर हात मारला.

तोंड मिटून बसायचा माझा मलाच भरवसा नव्हता, म्हणून रविवारी मामाने मला एक कोरा मास्क दिला. तो लावून बसले. मिशीचं टोक उडालं आणि मामा वळला, तर मी आधीच त्याच्याकडे बघत होते. मास्कमधून फसफसून हसू सांडत होतं.

मध्यंतरात दिवे लागले. माझी जिवलग मैत्रीण, रोज माझ्या बाकावर बसणारी, आजोबांचा हात धरून आमच्या रांगेत शिरली. माझ्यासमोर थांबली.

"काकू, जरा पाय घेता?"

बोलायची सोय नव्हती. मुकाट्याने घेतले.