शेवटची पानं भज्यांखाली

‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी लावली की घरात तीन गोष्टी आपोआप साठायला लागतात: वाळू, एकेकट्या चपला आणि पाहुण्यांनी विसरलेली पुस्तकं. वाळू झाडता येते, चपला भंगारवाला नेतो. पुस्तकं मात्र मुक्कामाला राहतात आणि मागोमाग त्यांचे किस्सेही. बोर्ली पंचतनहून दिवेआगरकडे येताना आमचं घर लागतं. पडवीत त्या पुस्तकांचं एक फडताळ भरलंय. सीझन संपला की आळीतल्या आम्ही बायका त्यातलंच वाचतो. खरं वाचावं की रचलेलं, यावरून आमच्यात जेवढी भांडणं होतात तेवढी पाण्याच्या मोटरवरूनही होत नाहीत.

*

मागं एक साहेब आले होते. पहाटे उठण्याचे फायदे सांगणारं जाडजूड पुस्तक घेऊन. मुक्कामभर ते उशाशी होतं आणि साहेब त्याच्या शेजारी घोरत होते. नाश्ता दहाला बंद होतो असं मी रोज सांगायचे आणि रोज अकरा वाजता पोहे गरम करून द्यायचे.

ते गेल्यावर पुस्तक पलंगाखाली सापडलं. फोन केला तर म्हणाले, “राहू दे तुमच्याकडे. माझं वाचून झालंय.”

खुणेला घातलेली टोलची पावती सहाव्या पानावर होती.

*

कादंबरीचं उलट. एका जोडप्याची गाडी म्हसळ्यापर्यंत जाऊन माघारी आली. मला वाटलं, दागिना राहिला असेल. नवरा धावत पडवीत आला आणि खुर्चीखालची रहस्यकथा उचलून तिथंच वाचायला बसला. शेवटचं प्रकरण राहिलं होतं म्हणे, आणि खून कुणी केला हे कळल्याशिवाय त्याला घाटात गाडी चालवणं जमणार नव्हतं.

बायको गाडीतून उतरली नाही. मीच कोकम सरबत घेऊन गेले.

“कळला का खुनी?” तिनं शांतपणे विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही.

“आमच्याकडे आज कळेल,” ती म्हणाली.

*

शेजारच्या निर्मलावहिनी म्हणजे पक्क्या ‘उपयोगाचं काहीतरी वाचावं’ पंथाच्या. कादंबरी हातात घेणाऱ्या बाईकडे त्या दिवसाढवळ्या झोपलेल्या बाईकडे बघावं तसं बघतात. त्यांच्या हाती आमच्या फडताळातलं एक पुस्तक लागलं, घर आटोपशीर ठेवण्याविषयीचं. वर्षभरात वापरली नाही ती वस्तू घरात ठेवायची नाही, असा त्यातला नियम. आधी तांब्याचे हंडे गेले, मग जादा गाद्या गेल्या. पुढच्या लाँग वीकेंडला त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना गाद्या कुणाच्या घातल्या? आमच्या! असं हे उपयोगाचं वाचन.

दोन दिवसांनी त्यांचे यजमान हळूच आमच्याकडे आले. “वहिनी, ते पुस्तक तेवढं परत मागून घ्या,” म्हणाले.

मी विचारलं, का हो?

“हिची कपाटं संपली. काल चहा पिताना बराच वेळ माझ्याकडे बघत होती.”

*

आमच्या सासूबाई या वादात पडत नाहीत. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. कुठलंही पुस्तक आलं की त्या एवढंच विचारतात, “ह्यात माणसं हायत का?” माणसं असली तर पुस्तक पडवीत, नसली तर स्वयंपाकघरात. शेअर बाजार, संगणक, व्यक्तिमत्त्व विकास असे सगळे विषय आमच्याकडे भज्यांचं तेल टिपून खपलेत.

एकदा मात्र घात झाला. दमट हवेनं सुटी झालेली काही पानं त्यांनी न विचारताच उचलली, आणि ती निघाली एका कादंबरीची शेवटची पानं. कादंबरी बाप-लेकाच्या भांडणाची. लेक रागानं घर सोडतो, बाप ओटीवर बसून राहतो, आणि पुढे भजी. कव्हर आधीच गेलेलं, त्यामुळे दुसरी प्रत शोधायची तर नावही ठाऊक नाही.

हे पुस्तक वाचायला नेलं होतं मागच्या घरातल्या जुबेदाभाभींनी. भाभी मराठी शाळेत शिकलेल्या आणि कादंबऱ्यांच्या भक्त. पुस्तक घेऊन त्या तरातरा आल्या. त्या बापानं पुढे काय केलं, एवढंच त्यांना हवं होतं. मी सासूबाईंकडे बघितलं.

“तेल मात्र छान टिपलं हो,” सासूबाई म्हणाल्या.

*

भाभींचे यजमान लतीफभाई. उमेदीची वर्षं कुवेतला काढून आले आणि बोर्लीत हार्डवेअरचं दुकान टाकलं. माणूस सरळ, पण वाचन म्हणाल तर पेपर आणि मशिनीबरोबर येणारी माहितीपत्रकं. फ्रीजचं माहितीपत्रक त्यांनी आधी पूर्ण वाचलं, मग फ्रीज चालू केला. तोवर मासळी आमच्या फ्रीजमध्ये!

“जी मान्सं पैदाच झाली न्हायत, त्यांच्यासाठी ही चुलीशी रडते,” ते मला सांगायचे, “आनि कालवण मी खातो खारट.”

जी माणसं पैदा झाली होती त्यांचं काय, हे विचारायची सोय नव्हती. दुकान ज्याच्यासाठी टाकलं तो त्यांचा मुलगा इम्रान ते सोडून पनवेलला नोकरीला गेला होता. लतीफभाईंनी त्याला पुन्हा उंबरा चढू नकोस म्हणून सांगितलं, आणि तोही बापाचाच मुलगा. दोन ईदा तशाच गेल्या. भाभी तेव्हा स्वयंपाकघरात रडायच्या, आणि हातात कादंबरी असल्यामुळे कुणी काही विचारायचं नाही. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

*

मग भाभींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद केलं. लतीफभाई पडेल चेहऱ्यानं फडताळापुढे उभे. भाभींना वाचून दाखवायचं होतं, आणि पुस्तकही त्यांनीच सांगितलेलं: ते बाप-लेकाचं, कव्हर नसलेलं.

मी म्हटलं, अहो, ते कशाला? दुसरं न्या.

“तेच पायजे बोलली.”

आठवडाभर त्यांच्या खिडकीतून फ्रीजचं माहितीपत्रक वाचावं तशा आवाजात कादंबरी ऐकू येत होती. आवाज एक दिवस अडखळायला लागला. दुसऱ्या दिवशी लतीफभाई पुस्तक घेऊन हजर.

“वहिनी, पुढची पानं?”

मी भज्यांचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. “ती सारखी विचारते, बापाने पुढे काय केलं. मी काय सांगू?”

“सांगा काहीतरी मनाचं.”

“मी खोटं बोलत न्हाय.”

आत सासूबाई कांदा चिरत होत्या. “मग आधी करा,” त्या तिथूनच म्हणाल्या, “नि नंतर सांगा.”

लतीफभाई उठले. पुस्तक पुन्हा घेऊन गेले.

थोड्याच दिवसांनी आलेल्या ईदला मागच्या अंगणात पनवेलची गाडी उभी होती. संध्याकाळी भाभी काळा चष्मा लावून वाफवलेल्या गोड सांदणांचा डबा घेऊन आल्या. पुस्तक परत केलं.

“शेवट कसा होता?” मी विचारलं.

“लई चांगला गो. बापानेच फोन केला.”

मग त्या फडताळापाशी गेल्या आणि आवाज एकदम खाली आणला. “धाकटीला शिकायला पुण्याला जायचंय. हे न्हाय बोलतात. बाप-लेकीची एखादी कादंबरी हाय का गो तुझ्याकडे?”

एक होती. मी काढून दिली. भाभींनी ती उघडून शेवटचं पान बघितलं आणि पुस्तक माझ्या हातात परत ठेवलं.

“सासूला सांग, आज भजी कर.”