आतून चकचकीत

लातुरात एकतीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या वीरभद्र बिराजदारला आपल्या कामाचा भारी गर्व होता. त्याची कवळी बाहेरून चमकायची, तशीच आतूनही. आतली बाजू कोण बघतंय, असं वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणायचे, पण फिरत्या चाकावर घासून ती आरशासारखी केल्याशिवाय वीरभद्रला चैन पडत नसे. कुणी कवळी टोचते म्हणालं, की त्याच्याकडे एकच औषध होतं, "सवय होईल."

हे औषध स्वतःला घ्यायची पाळी आली तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. तंबाखूने एकेक करत सगळे दात नेले होते. जिल्हाभर दात पुरवणाऱ्याच्या तोंडाचं असं बोळकं व्हावं, याची त्याला भयंकर लाज वाटली. कामाची खोली आतून बंद करून त्याने स्वतःची कवळी बनवली. बायको सोडून कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी हिरड्या सोलून निघाल्या, तेव्हा आरशासमोर उभा राहून तो म्हणाला, "झाली का सवय, शहाण्या?"

मग त्याने कवळीला आतून मऊ अस्तर लावलं. रबरासारखं असतं ते, हिरडीला गादी मिळावी म्हणून. देवणीच्या सत्तर वर्षांच्या नागम्मालाही त्याने हेच लावून दिलं होतं, आणि सहा महिन्यांत ती तीनदा परत आली होती. "तम्मा," ती त्याला कानडीत धाकटा भाऊ म्हणायची, "गादी उचलून येतीय बग. भाकर आत घुसती." तिन्ही वेळा त्याने तिच्या सुपारीवर खापर फोडलं, कवळी पुन्हा लख्ख घासली आणि नवं अस्तर लावून दिलं.

पंधराव्या दिवशी मेव्हण्याकडे जेवताना वीरभद्रचंही अस्तर कडेने उचललं आणि ज्वारीच्या भाकरीचा चुरा आत जाऊन बसला. तोंड मिटून, हसरा चेहरा करून तो पानावरून उठला. वीरभद्र सुपारी खात नव्हता.

कामाच्या खोलीत येऊन त्याने अस्तराची कड चिमटीत धरून ओढली, तर केळीच्या सालीसारखं ते अख्खं निघून आलं. खाली कवळी लखलखत होती आणि तिच्यात त्याचं स्वतःचं थोबाड दिसत होतं. एवढ्या गुळगुळीत जागेवर अस्तर धरणार कशाला? अस्तराच्या डब्यातला सूचनांचा कागद त्याने पहिल्यांदाच उघडला. आधी खरवडा, पुसा, मग चिकटद्रव लावून वाळू द्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याने आपलीच चमक खरवडून काढली, सगळं कागदाप्रमाणे केलं. महिनाभर अस्तर हललं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी नागम्मा आली, ती कवळी परत द्यायला. रुमालाची पुरचुंडी टेबलावर ठेवून म्हणाली, "ठिवून घे. मी आता कण्याच खाती. माझंच तोंड वाईट हाय."

मुकाट्याने दुरुस्त करून द्यावी, असं वीरभद्रच्या एकदा मनात आलं. पण चौथ्यांदा ती विश्वास ठेवणार नव्हती, आणि आपलंच तोंड वाईट असं समजून जन्मभर कण्या खाणार होती. बाकावर डॉक्टरांचे दोन पेशंट बसले होते. त्यांच्यादेखत त्याने तोंडात बोटं घातली आणि आपली कवळी काढून तिच्यापुढे धरली.

"अव्वा, तुमचं तोंड चांगलं हाय," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. अर्धे शब्द हवेतच गेले. "चूक माझी हाय. मी आतून चमकवत बसलो, म्हणून गादी धरली न्हाई. माझी बी अशीच निघाली हुती."

बाकावरचे दोघं थक्क होऊन बघत राहिले. नागम्माने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली. मग पिशवीतून नातवासाठी आणलेली भाकर काढली.

"खाऊन दाव."

त्याने कवळी धुऊन तोंडात बसवली आणि कोरडी भाकर चावायला लागला. देवणीच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तशी ती वाकून बघत होती. भाकर संपल्यावर तिने त्याला पुन्हा कवळी काढायला लावली, अस्तराची कड नखाने उचकटून पाहिली आणि आपली पुरचुंडी त्याच्याकडे सरकवली.

"लाव मला बी असंच," ती म्हणाली. "पर चमकवू नगंस, तम्मा. तितं काय मला तोंड बगायचं न्हाई."