तुटलेली चिक्की
लोणावळ्यात चिक्कीच्या पाकाचा वास आला, की मी शिकवायचो ती व्हिएतनाममधली शाळा आठवते. तिथल्या मुख्याध्यापिकेने माझा इंग्रजीचा वर्ग काढून एका गोऱ्या शिक्षकाला दिला. “पालकांना परदेशी मास्तर हवाय,” ती म्हणाली. “मग मी काय तळेगावहून रोज ये-जा करतो?” मी भडकलो. शेवटी घासाघीस करून पालकसभेतली दहा मिनिटं मिळवली, टेबलावर घरून आणलेली चिक्की मांडली आणि पालकांबरोबर आलेल्या माझ्या वर्गातल्या मुलांना सांगितलं, इंग्रजीत भाव पाडेल त्यालाच मिळेल. वर्गात कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी ताडकन इंग्रजीत म्हणाली, “सर, ही तर तुटलीये. अर्ध्या किमतीत द्या.” पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि वर्ग मला परत मिळाला. शाळेच्या माहितीपत्रकावर फोटो मात्र त्या गोऱ्याचाच राहिला, तो राग अजून आहे. पण आजही चिक्की घेताना मी आधी तुटलेली वडी शोधतो.