सावलीतल्या बारा खुर्च्या

आधी चहा संपवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या भाभींच्या नाकातून चहा आला होता, तेव्हापासून मी ही खबरदारी घेते.

तर झालं असं, की दिल्लीतली एक अख्खी फुटबॉलची मॅच मी बसल्या जागी थांबवून ठेवली. नुसती थांबवली नाही. का थांबली म्हणून वर सगळ्यांना झाडलं पण.

आमचे हे फौजेत. आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरमध्ये राहतो. मुलगा शंभू दहा वर्षांचा, दिल्लीतल्याच द्वारका भागात एका मैदानावर फुटबॉल शिकतो. त्याला न्यायचं-आणायचं काम त्याच्या पप्पांचं. मी कधी जात नव्हते. कारण कुणी पळत शंभूच्या अंगावर आलं की मी मोठ्यानं "अरे हळू" म्हणते. फुटबॉलमध्ये हळू म्हणायचं नसतं म्हणे.

पण त्या शनिवारी ह्यांची ड्युटी बाहेर. आणि शनिवार पण कसा? शंभू वर्षभर राखीव मुलांत बाकावर बसून होता, त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवणार होते. त्यात गावाहून माझे सासू-सासरे आलेले. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा जत्रेतल्या कुस्त्यांचे शौकीन. चेंडूमागं बावीस जण पळतात हे त्यांना मुळात पटत नाही. तरी नातवासाठी बघायला तयार झाले होते, आणि रविवारी सकाळी त्यांची परतीची गाडी. म्हणजे बघायचं तर त्याच दिवशी.

मी आदल्या दिवशीच पिशवी भरली. पट्टी, हळद, इलेक्ट्रॉल, दोन छत्र्या, शंभूचे सुके कपडे, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल, दशम्या. शंभू म्हणाला, "मम्मी, मॅच एक घंटे की है."

"असू दे. घंटा कधी कसा जाईल सांगता येत नाही."

मॅच नवाला, आम्ही साडेसातला हजर. आबांना गर्दीच्या आधी पोचायची सवय, मला काळजीची.

मैदान बाकी झकास. हिरवंगार, जाळ्या नव्या, पांढऱ्या रेघा ताज्या. पण बघणाऱ्यांसाठी? सिमेंटच्या पायऱ्या, आणि त्यांच्यावर थेट ऊन. सप्टेंबरातलं दिल्लीचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, सकाळी साडेसातला पायरीवर भाकरी टाकली असती तर आठला पलटता आली असती. पाण्याचा कूलर होता, पण ग्लास नव्हता. बाथरूम पार्किंगच्या पलीकडं, आणि त्याची किल्ली गार्डकडं. आणि गार्ड कुठं? तर तो बाथरूमला गेलेला.

सासूबाई म्हणाल्या, "पोरांचं सगळं केलंय, आयांनी मात्र वाळत बसायचं."

एका कोपऱ्यात तेवढी पत्र्याची छोटी शेड होती. तिच्यात भिंतीला पाठ लावून निळ्या प्लॅस्टिकच्या, बिनहाताच्या खुर्च्या एका रांगेत. मोजल्या, बारा. समोर लोखंडी रेलिंग. आणि त्या रेलिंगवर वाळत घातलेली नारंगी रंगाची जाळीदार कापडं. ती पण मोजली. बारा. प्रत्येकावर एका बाजूला मोठा आकडा, एक ते बारा.

आता तुम्हीच सांगा. बारा खुर्च्या, बारा कापडं, बारा नंबर. तुम्ही काय समजला असता?

मी फौजीची बायको. आमच्याकडं कुठलाही कार्यक्रम असला की खुर्च्यांना खोळी घालायच्या, नंबर लावायचे, कोण कुठं बसणार ते आधी ठरलेलं. फॅमिली वेलफेअरच्या मीटिंगला मी एका दुपारी दोनशे खुर्च्यांना खोळी घातल्यात. मी मनात म्हटलं, बघा, खोळी धुतल्या, वाळत टाकल्या, आणि घालायचा कंटाळा केला.

हात लावून बघितला तर जरा दमट होत्या, पण चालण्यासारख्या. एक उचलली आणि खुर्चीच्या पाठीवर घातली. अशी बसली म्हणता! कडेला इलास्टिक, वर खुर्चीचं डोकं बाहेर यायला गोल भोक, हवा लागायला जाळी. शिवणाऱ्याचं मला कौतुकच वाटलं. दहा मिनिटांत बाराच्या बारा घालून टाकल्या. आबांना एक नंबर, सासूबाईंना दोन, आणि शंभूची जर्सी नऊ नंबरची म्हणून मी नऊवर.

आबा टेकून बसले. "जत्रेत असली सोय नाही," म्हणाले. मला मूठभर मांस चढलं.

मग आल्या एक मॅडम. गॉगल, हातात बॅटरीवरचा पंखा.

"ये सीटें किसकी हैं?"

"नंबर से हैं जी."

"हमें तो किसी ने नंबर नहीं दिया."

इथं गप्प बसायचं होतं. पण मी म्हटलं, "बच्चे की जर्सी का नंबर क्या है?"

"सेवन."

"तो आप सात पे बैठिए."

आणि त्या मुकाट बसल्या हो. दिल्लीत नियम ठाम आवाजात सांगितला की तुम्ही ऑफिसचं माणूस आहात असं लोक धरून चालतात. पुढं तर लोक आपणहून माझ्याकडं यायला लागले. समोरच्या टीमच्या पण सात नंबरच्या आई आल्या. मी निकाल दिला, "पहला हाफ ये, दूसरा हाफ आप." दोघींना पटलं. एक जण म्हणाली, "थैंक यू मैडम, पहली बार यहां इतना अच्छा अरेंजमेंट है."

आबा कुजबुजले, "सूनबाई, तुला इथं नोकरी लागली का काय?"

फक्त एक गृहस्थ ऐकेनात. चांगले धिप्पाड, डोक्यावर ओला रुमाल, कमरेला मोबाईलचं पाकीट. "मेरे बेटे का तेईस नंबर है."

"तेईस नहीं है जी. बारह तक है."

"तो मैं कहां बैठूं?"

मी पायऱ्यांकडं बोट केलं.

"धूप में? मैडम, मेरा बीपी है."

पण नियम म्हणजे नियम. ते बिचारे माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले, मी कधी उठते याच्यावर डोळा ठेवून.

नऊ वाजले. पोरं मैदानात आली. शंभूनं लांबून हात हलवला, आबांनी टोपी हलवली. शिट्टी आता वाजेल, मग वाजेल. वाजेना. आमचे कोच किटची बॅग उलटी करून झटकतायत. मग गाडीची डिकी उघडली. मग पुन्हा बॅग.

"क्या हुआ?" मी सात नंबरच्या मॅडमना विचारलं.

त्यांनी रेलिंगवरून वाकून चौकशी केली. "दोनों टीमें नीली जर्सी में आई हैं. एक को ऊपर से बिब पहनना पड़ेगा, और बिब मिल नहीं रहे."

"बिब मतलब?"

"अरे, वो बनियान जैसा होता है ना."

झालं. माझ्या डोळ्यांसमोर आबांची पांढरी बंडी उभी राहिली. म्हटलं, असली वस्तू इथं कुठं दिसली नाही बाई.

रेफरीनं घड्याळ दाखवलं. मैदान आमचं म्हणून बिब आमच्या पोरांनी घालायचे, आणि दहा मिनिटांत रंग वेगळे झाले नाहीत तर मॅच समोरच्यांना बहाल. मी ताडकन उठले. शोधायला लागले. कूलरच्या मागं बघितलं, पायऱ्यांखाली वाकून बघितलं, कचऱ्याच्या डब्यात छत्रीची दांडी घालून ढवळलं. इकडं मी उठल्याबरोबर तेवीस नंबरवाले माझ्या खुर्चीत धपकन बसले होते, पण तेव्हा भांडायला वेळ कुणाला?

तेवढ्यात शंभू रेलिंगपाशी आला. बुटाच्या टोकानं रेलिंग ठोकत राहिला.

"मम्मी, मॅच नाही झाली तर आबा कधी बघणार? कल तो उनकी ट्रेन है."

आबांनी तिकडं बघायचं टाळलं. चष्मा पुसत बसले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. वर्षभर बाकावर बसलेलं माझं पोर, आणि चार चिंध्या सापडत नाहीत म्हणून घरी जाणार? मी तरातरा कोचकडं गेले आणि हिंदीत सुरू झाले. माझी हिंदी रागात जास्त चांगली होते.

"सर, ये क्या तरीका है? यहां किसी चीज का इंतजाम नहीं. पानी है तो ग्लास नहीं. बाथरूम है तो चाबी नहीं. कुर्सियों के कवर तक कोई गीले रेलिंग पे डाल के चला गया था. वो भी मैंने लगाए, सुबह आके, अकेली ने."

कोच डिकीतून बाहेर आले. "कौन से कवर?"

"कुर्सी के. नंबर वाले."

"कितने?"

"बारह."

कोचनी डिकी लावली. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं विचारलं, "नारंगी?"

"नारंगी," मी म्हटलं. अजून तोऱ्यात होते बघा. माझ्या डोक्यात उजेड पडलाच नव्हता.

पडला तो शंभूमुळं. तो शेडकडं बघत होता. एवढ्यात आबा पाणी घ्यायला उठले, आणि त्यांची एक नंबरची खुर्ची पहिल्यांदाच सगळ्या मैदानाला दिसली.

"मम्मी," शंभू म्हणाला, "चेअरनं बिब घातलाय."

जमीन दुभंगायला पाहिजे होती, पण तिथं नवीन गवत लावलेलं, दुभंगली नाही.

कोच ओरडले, "सब लोग खड़े हो जाइए!" अकराच्या अकरा जण उठले. आबांना वाटलं राष्ट्रगीत आहे. ते कूलरपाशीच, हातात बाटली धरून, सावधानमध्ये उभे राहिले. त्यांचं बघून गार्ड पण.

पोरं धावत शेडमध्ये शिरली आणि खुर्च्यांचे कपडे उतरवायला लागली. सात नंबरच्या मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आप ऑफिस से नहीं हैं?"

"नहीं जी. मैं नऊ नंबर की मम्मी."

नऊ नंबरचं वेगळंच रामायण. तेवीसवाले गृहस्थ उठले ते खुर्चीसकट उठले. त्यांच्या मोबाईलच्या पाकिटाचा हूक बिबच्या जाळीत अडकलेला. एक जण खुर्ची ओढतोय, शंभू बिब ओढतोय, ते स्वतः "आराम से, बीपी है" म्हणतायत. शेवटी सुटलं, पण इलास्टिक गेलं. शंभूनं तो बिब घातला तर गुडघ्यापर्यंत आला. माझ्या पोरानं पहिली मॅच झबलं घालून खेळली, आणि ते झबलं मी शिवल्यासारखंच.

एवढं करून दहा मिनिटांतलं एक मिनिट उरलं होतं. शिट्टी वाजली.

मी शेडमध्ये परत गेलेच नाही. कुठल्या तोंडानं जाणार? उन्हात, पायरीवर, छत्री तोंडासमोर धरून बसले. मॅच मी छत्रीच्या भोकातून बघितली.

दुसऱ्या हाफपर्यंत आम्ही एका गोलनं मागं. तेवढ्यात शंभू चेंडू घेऊन सुटला. मागून एका पोराला तो आवरेना, म्हणून त्यानं काय केलं, लोंबणारा बिब धरला आणि ओढला. शंभू थेट गोलसमोर आडवा. मी हळद काढली. पण रेफरीनं शिट्टी मारून पेनल्टी दिली, आणि कोच म्हणाले, जा, तूच मार. मारला. गेला. एक-एक.

आबा उठून ओरडले, "अंगरखा धरल्याशिवाय आवरला न्हाई गडी!" पूर्ण मॅचमध्ये त्यांना कळलेली ही एकच गोष्ट, पण ती कुस्तीच्या भाषेत कळली, त्यामुळं पुरेशी होती. दुसऱ्या दिवशी गाडीत बसेपर्यंत तेच सांगत होते. निम्मा गोल सूनबाईचा, असं म्हणून हसत पण होते.

बिब मी घरी आणले, धुतले, नऊ नंबरला नवीन इलास्टिक घातलं. पुढच्या शनिवारी घड्या करून, माफी मागायची हिंदी पाठ करून गेले.

तर शेडमध्ये काय? सगळ्यात गार सावलीत, कूलरच्या शेजारी एक खुर्ची वेगळी मांडलेली, आणि तिला नवाकोरा नारंगी बिब घातलेला. तेरा नंबर. कोच म्हणाले, "भाभीजी, ये आपकी सीट है. परमनंट."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. मी खुर्चीचा फोटो काढून ह्यांना पाठवला आणि लगेच फोन केला. "बघितलंत? नंबर घातलेली खुर्ची. अख्ख्या मैदानात फक्त मला."

ह्यांनी फोटो नीट बघितला. मग विचारलं, "बिबची बॅग कुठं असते?"

"ही काय, डाव्या हाताला."

"आणि कोच कुठं बसतात?"

"बॅगेच्या पलीकडं."

"मग बरोबर आहे," हे म्हणाले. "आमच्याकडं पण ज्याच्यावर नजर ठेवायची असते, त्याला पुढंच बसवतात."

मी फोन ठेवला. कोचकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांचा एक हात बॅगेवर होता.

असू दे. सावली मात्र तिथली खरंच चांगली आहे.